ग्रीक पाहुण्यांपुढं दोन मिनिटं बोलायचंय, भाषणाचे ग्रीक शब्द कुणाला येतात का?

शिरोलीचा_फौंड्रीवाला:
नमस्कार मंडळी, प्रश्न येडपट वाटंल पण खरंच अडलंय म्हणून विचारतोय. मी शिरोली एमआयडीसीत एका फौंड्रीत क्वालिटीला आहे. आमची पंपाची कास्टिंगं ग्रीसला जातात आणि पुढच्या महिन्यात तिकडनं चार जण येणारेत, थेसालोनिकीचे. मालकांनी ठरवलंय छोटा कार्यक्रम करायचा, फेटे बांधायचे, हलगी लावायची, मग स्वागताचं भाषण आणि तांबडा-पांढरा. भाषण मालक स्वतः करणार, मधलं सगळं इंग्लिशमध्ये, पण सुरवात आणि शेवट ग्रीकमध्येच पायजे म्हणून हटून बसलेत. "तू मोबाईलवर लै असतोस, तूच बघ" म्हणून ते माझ्या गळ्यात, आणि सूत्रसंचालन पण माझ्याच गळ्यात.

ॲपवर बघितलं तर बाई एवढ्या जोरात बोलते की शब्द कुठं संपला तेच कळत नाही. एका व्हिडिओत स्टेजला बेमा म्हणतात, दुसऱ्यात व्हीमा. आता खरं काय? मला स्टेज, माईक, टाळ्या, ऐकणारे, वक्ता असले रोजचे शब्द पायजेत आणि मालकांना चार वाक्यं जी तोंडात बसतील. त्यांना माईक हातात दिला की घाम फुटतोय, एरवी शॉपफ्लोअरवर आवाज शंभर फूट जातो ते सोडा.

दर्यावर्दी_गडहिंग्लज:
भावा मी १४ वर्षं जहाजावर काढली, त्यातली बरीच ग्रीक मालकाच्या जहाजांवर, पिरेअस बंदरात मुक्काम तर विचारूच नको. ग्रामर मला येत नाही, कानानं शिकलोय, पण तुझं काम होईल.

सुरवात: किरीएस के कीरिई. म्हणजे बायांनो आणि बाप्यांनो, आपलं सभ्य स्त्री-पुरुषहो. चौघंच आहेत आणि मालकांच्या ओळखीचे आहेत तर आगापिती फिली म्हण, प्रिय मित्रहो, ते जास्त गोड लागतं. मग कालोस ईर्थाते, म्हणजे सुस्वागतम. शब्दशः बघितलं तर "चांगले आलात". ह्याला त्यांचं ठरलेलं उत्तर येतं, कालोस सास व्रिकामे, "चांगले सापडलात आम्हाला". मालकांना सांगून ठेव, वाक्य टाकलं की थांबायचं, समोरनं उत्तर येणार. नाहीतर ते तसंच पुढं रेटतील आणि पाहुण्यांचं उत्तर हलगीत जाईल.

शेवट: एफखारिस्तो या तिन प्रोसोही सास, लक्ष देऊन ऐकल्याबद्दल आभार. ते लांब वाटत असेल तर नुसतं एफखारिस्तो पोली, खूप आभार. पोली म्हणजे खूप, पुरणाची नव्हे. जोर शेवटच्या अक्षरावर द्यायचा, एफखारिस्तोऽ पोलीऽ.

आता सूत्रसंचालकाचे शब्द. भाषण ओमिलिया, बोलणारा ओमिलितीस, बाई असेल तर ओमिलित्रिया. ऐकणारी मंडळी आक्रोआतिरिओ. माईक मिक्रोफोनो, तो आपलाच आहे. टाळ्यांना हिरोक्रोतिमा, हीरो वगैरे काही नाही, हात वाजवणं. शांतता सिओपी. मालकांना जे होतं त्याला त्राक, स्टेजवर पाय लटपटणं, हा त्यांनी फ्रेंचांकडनं घेतलाय म्हणे. आणि स्टेज व्हीमा. बेमा बोललास तर तिथला माणूस तुझ्याकडं नुसता बघत बसंल.

एक सगळ्यात महत्त्वाचं, हे नाय सांगितलं तर माझं पाप. ग्रीकमध्ये ने म्हणजे हो. नाहीला ओही. आणि नाही म्हणताना बरेच जण नुसती मान वर उडवतात आणि च्च करतात. पहिल्या महिन्यात चीफ इंजिनिअरनं विचारलेल्या चार गोष्टींना मी "नै नै" केलं आणि त्यानं चारही कामं माझ्याकडनं करून घेतली.

तांबडा_पांढरा:
मालकांना सांगा पोळी म्हणजे खूप हे लक्षात ठेवायला सोपंय, आम्ही पण खूपच खातो 😂 बाकी नाद खुळा, कोल्हापुरात ग्रीकमध्ये भाषण, आता फक्त गांधी मैदानात सभा लावायची राहिली

मास्तर_रिटायर्ड:
दर्यावर्दींनी सांगितलेलं सगळं बरोबर आहे, तुमचं काम तेवढ्यात होईल. पण "आता खरं काय" असं विचारलंत म्हणून लिहितो. दोन्ही खरं. अक्षरं तीच आहेत, अडीच हजार वर्षांत उच्चार बदलला. जुन्या ग्रीकमधला ब पुढे व्ह झाला आणि लांब ए चा ई झाला, म्हणून अथेन्सच्या जुन्या सभेतला बेमा आज व्हीमा. व्हिडिओवाला बहुतेक प्राचीन ग्रीक शिकवणारा असणार. पाहुणे जिवंत आहेत, तेव्हा व्हीमाच म्हणा.

मी शाळेत इतिहास शिकवला आणि तीस वर्षं वक्तृत्व स्पर्धेची पोरं तयार केली, त्या नादात हे शब्द गोळा झाले. मजा अशी की भाषणकलेचे ग्रीक शब्द आज आपल्याला एकदम जड, पुस्तकी वाटतात, आणि मुळात बघायला गेलं तर सगळे घरातले, रस्त्यावरचे, अंगाचे शब्द आहेत. बेमा म्हणजे साधं पाऊल, पायरी. आपण त्याला व्यासपीठ म्हणतो, म्हणजे एकदम व्यासांच्याच आसनावर नेऊन बसवतो, आणि ते म्हणायचे पायरी. अथेन्सच्या ॲक्रोपोलिस किल्ल्याच्या पश्चिमेला प्निक्स नावाची टेकडी आहे, तिथं खडकात कोरलेली ही पायरी अजून बघायला मिळते. सभा भरली की दवंडीवाला ओरडायचा, तिस आगोरेउएइन बूलेताय, कुणाला बोलायचंय? ज्याला बोलायचं त्यानं पुढं यायचं, डोक्यावर पानांची माळ चढवायची आणि बोलायचं. तुमच्या फेट्याची कल्पना त्यांना लगेच कळेल बघा. अर्थात "कुणाला" म्हणजे फक्त नागरिक पुरुष. बाया, गुलाम, बाहेरून येऊन राहिलेले लोक ह्यांना पायरी नव्हती. लिसियस नावाचा बाहेरच्या घरातला माणूस, त्याला सभेत बोलायचा हक्क नाही, पण कोर्टात दुसऱ्यांनी म्हणायची भाषणं लिहून देण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. शेतकरी असेल तर शेतकऱ्याच्या तोंडी शोभेल असंच लिहायचा. असं भाषण लिहून देणाऱ्याला लोगोग्राफोस म्हणत. म्हणजे फौंड्रीवाले, सध्या तुमची पोस्ट तीच आहे.

आता स्वल्पविराम. इंग्रजीत कॉमा, कोलन, पिरियड म्हणतो ते मुळात चिन्हं नव्हेतच, बोललेल्या वाक्याचे तुकडे आहेत. कोम्मा म्हणजे कापलेला तुकडा. कोलोन म्हणजे हात किंवा पाय, शरीराचा अवयव. पेरिओदोस म्हणजे फेरी, गोल फिरून परत जागेवर येणं. वाक्य असं बोलायचं की अंबाबाईला प्रदक्षिणा घातल्यासारखं जिथून निघालं तिथं अर्थ पूर्ण करून यावं. पोरांना मी हेच सांगायचो, तुझं वाक्य महाद्वारातनं निघालं ते थेट रंकाळ्यावर गेलं, परत आलंच नाही.

क्लीमाक्स म्हणजे शिडी. मेताफोरा, इंग्रजीतला मेटाफर, आपलं रूपक, म्हणजे वाहून नेणं. आणि माझा सगळ्यात आवडता पानेगिरीस, म्हणजे जत्रा. सगळे गोळा झाले की जत्रा, आणि जत्रेत जे गौरवाचं भाषण करायचं ते पानेगिरिकोस, त्यावरनं इंग्रजीत पॅनेजिरिक आला आणि त्याचा अर्थ नुसती स्तुती एवढाच उरला. ह्या नावाचं सगळ्यात गाजलेलं भाषण अथेन्सच्या इसोक्रातेसचं, आणि त्या माणसाचा आवाज एवढा बारीक आणि धीर एवढा कमी की तो स्वतः कधी सभेत उभा राहिला नाही. घरी बसून लिहायचा, शाळा चालवायची, ९८ वर्षं जगला. तुमच्या मालकांना हे जरूर सांगा.

दर्यावर्दी_गडहिंग्लज:
सर मेताफोरा वरनं आठवलं, अथेन्समध्ये घरसामान हलवणाऱ्या टेम्पोवर मोठ्या अक्षरात मेताफोरेस लिहिलेलं असतंय. मला वाटायचं कंपनीचं नाव आहे, म्हटलं केवढी मोठी कंपनी, सगळ्या गावात गाड्या 😄 आणि पानिगिरी अजून चालू आहे, बेटांवर देवाच्या नावानं जत्रा भरते, रात्रभर नाच, मटण. कोल्हापूरच्या माणसाला एकदम घरी आल्यासारखं वाटतंय.

माईक_टेस्टिंग_वन_टू:
सर मी मध्येच घुसतो, सॉरी दादा तुमच्या धाग्यात. मी अकरावीला आहे आणि शाहू स्मारकला स्पर्धा आहे आमची, विषय "महापूर आणि आपण". आमचे कोच एथॉस पॅथॉस लोगॉस एथॉस पॅथॉस लोगॉस एवढंच म्हणतात आणि फळ्यावर त्रिकोण काढतात. मला त्रिकोण पाठ आहे पण बोलायचं काय ते कळत नाही. आणि सात मिनिटाला घंटा झाली की माझं सगळं गडबडतं, शेवट कायम घाईत होतो. काही सोपं सांगता का?

(कोल्हापूरची आहे, मुलगीच आहे, "घुसतो" वाचून पुण्याच्या लोकांनी उगाच दुरुस्त करू नये 🙏)

मास्तर_रिटायर्ड:
बाळ, तू घुसतोच म्हण. ॲरिस्टोफेनिसच्या एका नाटकात अथेन्सच्या बाया पुरुषी वेष करून, दाढ्या लावून सभेत भाषण करायची तालीम करतात, आणि एकीच्या तोंडून सवयीनं बायकी शपथ निसटते आणि पितळ उघडं पडतं. कोल्हापूरच्या बायांना ती अडचण आलीच नसती.

त्रिकोण पुसून टाक. लोगोस म्हणजे शब्द, पण हिशोबसुद्धा. आजच्या ग्रीकमध्ये अकाउंटंटला लोयिस्तीस म्हणतात, त्याच मुळातला. तर पूर का येतो ह्याचा हिशोब मांडणं हे तुझं लोगोस. नदीच्या पात्रात काय झालं, भराव कुठं पडले, पाणी उतरायला दिवस का लागले. आकडा माहीत असेल तर सांग, नसेल तर ठोकू नको, परीक्षकात एखादा इरिगेशनचा निघतो. पाथोस म्हणजे माणसावर जे गुदरतं ते, सोसणं. तिथं रडका आवाज काढायचा नसतो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये तुझ्या किंवा शेजारच्या घरात पाणी आलं असेल तर माळ्यावर काय चढवलं आणि खाली काय राहिलं एवढंच सांग. एक पिंप, एक वह्यांचा गठ्ठा. बास. एथोस म्हणजे स्वभाव, अंगवळणी पडलेलं वागणं. ॲरिस्टॉटलचं म्हणणं असं की ऐकणाऱ्याचा विश्वास बोलण्यातनंच तयार झाला पाहिजे, वक्ता आधीपासून कोण आहे ह्यावर नव्हे. म्हणून तू सतरा वर्षांची आहेस हे तुझं काही नुकसान नाही.

त्यानंच भाषणाचे तीन प्रकार केलेत आणि प्रत्येकाला काळ दिलाय. कोर्टातलं भाषण झालेल्या गोष्टीवर, गौरवाचं भाषण मुख्यतः समोर आहे त्यावर, आणि सभेतलं भाषण पुढं काय करायचं त्यावर. आमच्या पोरांचा घोळ इथंच होतो, विषय पुढचा असतो आणि पोरगं सात मिनिटं कोर्टातल्यासारखं कोण चुकलं तेच सांगत बसतं. तुझ्या विषयात "आणि आपण" आहे. म्हणजे निम्मं भाषण पुढच्या पावसाळ्याचं पाहिजे.

घंटेचं. त्यांच्याकडं घंटा नव्हती, क्लेप्सिद्रा होती, शब्दाचा अर्थ पाणीचोर. बुडाशी भोक असलेलं मातीचं भांडं, पाणी संपलं की तुझा वेळ संपला. अथेन्सच्या उत्खननात एक भांडं सापडलंय त्यात सुमारे ६.४ लिटर पाणी मावतं आणि ते साधारण सहा मिनिटांत रिकामं होतं. म्हणजे जवळजवळ तुमची स्पर्धाच. आपल्याकडं लग्नात घटिकापात्र असायचं, ते उलटं, रिकामं भांडं पाण्यात सोडायचं आणि भरून बुडालं की घटका म्हणजे २४ मिनिटं झाली. कोर्टात साक्ष किंवा कायदा वाचून दाखवायचा असला की वक्ता सांगायचा, पाणी थांबव. तुला पाणी थांबवता येणार नाही, पण घरी सराव करताना घड्याळ लावू नको, बादलीवर पाण्यानं भरलेला भोकाचा डबा टांग. पाणी डोळ्यासमोर कमी होताना दिसलं की शेवट आपोआप आधी सुरू करशील. हा माझा प्रयोग आहे, दोन पोरांवर चालला, एकाच्या आईनं डब्याला भोक पाडलं म्हणून मला फोन केला.

आणि उच्चार, हावभाव, आवाज ह्याला ग्रीक शब्द ह्युपोक्रिसिस. नटालाही त्याच घरातला शब्द, ह्युपोक्रितेस, आणि त्यावरनंच पुढं ढोंगी ह्या अर्थाचा हिपोक्रिट आला. देमोस्थेनिस ह्या अथेन्सच्या गाजलेल्या वक्त्याला विचारलं, भाषणात पहिलं महत्त्वाचं काय, तर म्हणाला ह्युपोक्रिसिस. दुसरं? ह्युपोक्रिसिस. तिसरं? तेच. हा तोच, तोंडात खडे धरून बोलायचा, लाटांच्या आवाजावर ओरडायचा सराव करायचा आणि घराबाहेर पडायचा मोह होऊ नये म्हणून अर्धं डोकं भादरून तळघरात बसायचा, असं जुने लेखक सांगतात. पहिल्या भाषणाला लोक त्याला हसले होते.

तांबडा_पांढरा:
सर खडे तोंडात धरायची गरज नाही, आमच्यात माव्यावरच सगळे देमोस्थेनिस झालेत

बरं एक खरंच विचारायचंय. आमच्या गल्लीत एक पुढारी आहेत, दर भाषणात "मी कुणाचं नाव घेणार नाही, त्यांनी रस्त्याचे पैसे खाल्ले की नाही मला बोलायचं नाही, त्यांच्या मेव्हण्याचा बंगला कुठनं आला त्यात मला पडायचं नाही" असं करत करत वीस मिनिटं त्यावरच बोलतात. ह्याला पण ग्रीक शब्द असेल तर सांगा, गणपतीत सत्कार करू

मास्तर_रिटायर्ड:
आहे. पारालिप्सिस. बाजूला सोडून देणं. सोडतो सोडतो म्हणत नेमकं तेच मांडायचं. आणि बोलता बोलता मध्येच थांबून "...जाऊ दे" म्हणायचं त्याला आपोसिओपेसिस, त्यात दर्यावर्दींनी सांगितलेलं सिओपी लपलंय बघा, शांत होणं.

असे पुढारी नवीन नाहीत. देमागोगोस ह्या शब्दाचा मुळात अर्थ फक्त लोकांना पुढं नेणारा, त्यात शिवी नव्हती, ती नंतर चिकटली. क्लेओन नावाच्या पुढाऱ्याबद्दल ॲरिस्टॉटलच्या नावावरच्या अथेन्सच्या राज्यव्यवस्थेवरील ग्रंथात तक्रार आहे की बेमावर उभं राहून ओरडणारा, शिव्या देणारा आणि वस्त्र कमरेला खोचून बोलणारा हा पहिला, त्याच्याआधीचे सगळे नीट बोलायचे. "आमच्या काळात असं नव्हतं" हे वाक्य तेव्हापासून चालू आहे. आणि ऐकणारे तरी कुठं गरीब होते, सभेत, कोर्टात जो गलका व्हायचा त्याला थोरुबोस असा खास शब्दच होता.

दर्यावर्दी_गडहिंग्लज:
आता थोरिवोस. इंजिन रूममध्ये रोज.

माईक_टेस्टिंग_वन_टू:
सर डब्याला भोक पाडलं. आई काही बोलली नाही, आज्जी बोलली. पहिल्यांदाच शेवट पूर्ण झाला आणि डब्यात दोन बोटं पाणी राहिलं!! कोर्टातलं भाषण वाली चूक माझी पण होतीच, चार मिनिटं नुसती प्रशासनावर होती 🙈 आता माळ्यावरची शिलाई मशीन आणि खाली राहिलेली फळी एवढंच ठेवलंय. सुरवात कशी करू? "उपस्थित मान्यवर, परीक्षक, वंदनीय गुरुजन" मध्ये चाळीस सेकंद जातात.

मास्तर_रिटायर्ड:
सुरवातीला प्रोओइमिओन म्हणत, गाण्याच्या आधीचं, बासरीवाला मुख्य चालीआधी जे वाजवतो तसलं. कीर्तनकार नमन करून पूर्वरंगात शिरतो तेव्हा जे होतं ते. पण ॲरिस्टॉटल स्वच्छ सांगतो की भाषणाला खरे जरुरीचे भाग दोनच, मुद्दा मांडणं आणि तो पटवणं. बाकी ऐकणाऱ्यासाठी. वंदनीय गुरुजनांना एका वाक्यात गुंडाळ आणि थेट शिलाई मशीनवर ये. मी परीक्षक असतो तर मार्क कापले नसते, दुसऱ्या कुणाचं सांगत नाही.

शिरोलीचा_फौंड्रीवाला:
मंडळी कार्यक्रम झाला. उशिरा लिहितोय, ऑडिट होतं.

मालकांनी पाठ केलेलं सगळं हॉलच्या पायऱ्या चढताना विसरलं, त्राक का काय ते पुरेपूर. मी कागदावर मोठ्या अक्षरात देवनागरीत लिहून दिलेलं, ते बघून आगापिती फिली, कालोस ईर्थाते म्हटले आणि दर्यावर्दींनी सांगितलेलं तसं थांबले. आणि खरंच चौघंपण एका सुरात कालोस सास व्रिकामे! मालकांचा चेहरा बघायला पायजे होता, त्यानंतर जे सुटलेत ते वीस मिनिटं, इंग्लिश-मराठी सगळं मिक्स, पाणीचोर असता तर दोन टाक्या लागल्या असत्या. मी हिरोक्रोतिमा म्हटल्यावर पाहुणे हसले पण टाळ्या वाजवल्या. त्यातल्या एका बाईंना मी व्हीमावर बोलवलं, ओमिलित्रिया म्हणून, त्या खुश. सरांचं जत्रेचं पण सांगितलं त्यांना, तर त्यांनी फोनवर आपल्या गावच्या पानिगिरीचे फोटो दाखवले, मोठ्या कढईत बोकड.

एकच घोळ. जेवायला बसल्यावर वाढपी पांढऱ्या रश्शाची बादली घेऊन फिरत होता. एका पाहुण्याची वाटी अर्धी झालेली, ह्यानं खुणेनं विचारलं अजून देऊ का, तर पाहुणा जोरात मान हलवून म्हणाला, "ने, ने!" वाढप्यानं सरळ वाटी उचलून नेली. पाहुणा बघतच बसला. मी माईकपाशी होतो, तिथनंच ओरडलो, "अरे ने म्हणजे आण!"

दर्यावर्दी_गडहिंग्लज:
😂😂 वाढप्याला सांगायचं राहिलंच की

तांबडा_पांढरा:
वाटी परत मिळाली का पण त्याला? ते सांगा आधी

शिरोलीचा_फौंड्रीवाला:
मिळाली की. काठोकाठ भरून. मग तिसऱ्या वेळी बिचारा ओही म्हणत होता तर वाढप्याला वाटलं "ओ, ही!" म्हणतोय, परत ओतला.